लाजत नाहीये, भाजतंय!

'गाल काय गुलाबी झालेत गं! लाजलीस की काय?' गेल्या चार वर्षांत हा प्रश्न मला ऑफिसमधल्या रिसेप्शनिस्टपासून लग्नात भेटलेल्या लांबच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, त्यामुळे धड चिडताही येत नाही. आपल्याकडे गाल लाल म्हणजे तब्येत झकास, खाल्लेलं अंगी लागतंय, किंवा गेलाबाजार महाबळेश्वरला जाऊन आली वाटतं! पण लोकहो, मी लाजत वगैरे अजिबात नसते. माझे गाल अक्षरशः भाजत असतात.

या प्रकाराचं नाव रोझेशिया. नाव कसं, गोव्याच्या एखाद्या मैत्रिणीसारखं गोड! स्वभाव मात्र चिवट. नाक, गाल, हनुवटी, कपाळ या चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या जरा जास्तच उत्साही असतात. एवढंसं निमित्त मिळालं की त्या फुलतात, चेहरा तापतो, चुरचुरतो, कधी बारीक पुळ्या येतात. हा संसर्गजन्य नाही आणि पोट साफ नसल्यामुळेही होत नाही (हे खास आईसाठी). औषधांनी आटोक्यात राहतो, पण 'गेला एकदाचा' म्हणून हात झटकता येत नाहीत.

त्यातून आपल्या रंगाची एक वेगळीच गंमत. पुस्तकांतल्या फोटोत रोझेशियावाला चेहरा टोमॅटोसारखा लालबुंद दिसतो, कारण तो चेहरा गोऱ्या माणसाचा असतो. आमच्यासारख्या गव्हाळ चेहऱ्यावर तो तांबूस, विटकरी, नाहीतर नुसताच काळवंडल्यासारखा दिसतो आणि म्हणून उशिरा ओळखला जातो. १९७५ साली हार्वर्डचे त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हात गेल्यावर त्वचा भाजते की रापते, यावरून तिचे प्रकार पाडले. सुरुवातीची ती पट्टी गोऱ्या त्वचेपुरतीच होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. आणि योगायोग बघा, त्याच १९७५ मध्ये आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं! (२०२० मध्ये त्याचं 'ग्लो अँड लव्हली' झालं.) म्हणजे शास्त्राच्या पट्टीत आम्ही नव्हतोच, आणि जाहिरातीत होतो ते फक्त 'आधी'च्या फोटोत!

थोडक्यात, पुणं टाळा

आमच्या डॉक्टर मॅडमनी टाळायच्या गोष्टी सांगितल्या : कडक ऊन, उकाडा, गरमागरम चहा, तिखट, दारू, टेन्शन आणि फार दमवणारा व्यायाम. मी यादी ऐकून गार. अमृततुल्य चहा नाही, मिसळ नाही, एप्रिलमधली दुपार नाही. म्हणजे थोडक्यात, पुण्यात राहा पण पुणं टाळा!

चहा कोमट करून प्यायला शिकले. मिसळीतली तर्री कमी केली. पण रविवारचा सिंहगड बंद झाला, ते मात्र जाम लागलं. कॉलेजपासूनचा आमचा सहा जणांचा ग्रुप. पहाटे निघायचं, पायथ्यापासून चढायचं, वर मडक्यातलं दही खायचं. हल्ली उतरताना नऊच्या उन्हातच चेहरा असा पेटायचा, की सोमवारी ऑफिसमध्ये कुणीतरी हळूच विचारायचं, 'वीकेंडला पार्टी जोरात झाली वाटतं?' मुलीला लाजली म्हणायचं, नाहीतर प्यायली म्हणायचं. तिसरा ऑप्शनच नाही! शेवटी मी ग्रुपला कारणं सांगू लागले. भाचीचा वाढदिवस, गाडीचं सर्व्हिसिंग, डोकेदुखी.

'मलम मी देते, पण उरलेलं अर्धं काम सनस्क्रीनचं. रोज लावायचं, पावसाळ्यातही,' मॅडम म्हणाल्या. एवढंच ना? मला वाटलं, संध्याकाळी लक्ष्मी रोडला जाऊन ट्यूब आणली की झालं. प्रत्यक्षात त्या 'एवढंच'ला आठ महिने लागले आणि पाच ट्यूब!

पाच ट्यूबची गोष्ट

ट्यूब नंबर एक : पाण्यासारखं हलकं जेल. लावल्यावर इतकं गार वाटलं, की वा! दोन मिनिटांनी गालांवर मुंग्या चावायला लागल्या. मागे बारीक अक्षरांत बघितलं तर सुरुवातीलाच अल्कोहोल आणि शेवटी सुगंध. साध्या त्वचेला हे दोन्ही खपून जातात, रोझेशियावाल्या त्वचेला बहुतेक वेळा झोंबतात.

ट्यूब नंबर दोन : बिनवासाचं, बिनअल्कोहोलचं. गालांना चाललं, पण घाम आला की ओघळून डोळ्यांत. हेल्मेट घालून चांदणी चौकात सिग्नलला उभं राहून डोळे चोळायचे म्हणजे सर्कसच. ऊन अडवणारे काही रासायनिक घटक, उदाहरणार्थ अ‍ॅव्होबेन्झोन किंवा ऑक्सिबेन्झोन, नाजूक त्वचेला आणि डोळ्यांना चुरचुरतात. सगळ्यांनाच असं होतं असं नाही, मला झालं.

ट्यूब नंबर तीन : मग वळले खनिजवाल्या सनस्क्रीनकडे, म्हणजे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. हे घटक त्वचेला सहसा टोचत नाहीत, म्हणून अशा त्वचेसाठी डॉक्टर आधी यांचंच नाव घेतात. (ते आरशासारखं ऊन परतवून लावतात असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर तेही अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात.) झोंबलं नाही, चुरचुरलं नाही. पण आरशात पाहिलं तर मी थेट पिठाच्या गिरणीतून आलेली! आईनं विचारलं, 'अगं, पावडर नीट पसरव की.' तशीच क्लायंट मीटिंगला गेले आणि समोरचा माणूस पूर्ण वेळ माझ्या कपाळाशी बोलत होता.

ट्यूब नंबर चार : मावसबहिणीनं भेट दिलेलं. 'ब्राइटनिंग' सनस्क्रीन. आपल्याकडे ऊन अडवणारी अर्धी क्रीम्स गोरं करायला निघालेली असतात. त्यासाठी आत फळांची आम्लं, व्हिटॅमिन सी असा बराच मालमसाला भरतात. आधीच तापलेल्या त्वचेवर आम्ल म्हणजे जखमेवर लिंबू. ती ट्यूब मी लावलीच नाही, बहिणीला परत दिली. तिच्या त्वचेला ती मस्त चालते.

ट्यूब नंबर पाच : झिंक ऑक्साइड, अल्कोहोल नाही, वास नाही आणि रंग मातकट. हो, मातकट! तो रंग येतो आयर्न ऑक्साइडमुळे, म्हणजे चक्क लोहाच्या गंजाच्या जातभाईमुळे. या रंगामुळे झिंकचा पांढरेपणा झाकला जातोच, पण शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडतो. सावळ्या-गव्हाळ त्वचेवर वांग आणि डाग गडद व्हायला तो प्रकाशही हातभार लावतो, आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. तीन छटा होत्या. सगळ्यात फिकट छटेवर लिहिलं होतं 'नॅचरल'. कुणासाठी नॅचरल, देव जाणे. मी तिसरी घेतली. लावली आणि चेहरा, चक्क, माझाच दिसला. गोरा नाही, पिठाळ नाही, लाल नाही. गव्हाळ. इतक्या दिवसांनी स्वतःचा रंग आरशात बघून मी जरा गप्पच झाले.

आकड्यांचा फंडा

आता तुम्ही म्हणाल, एसपीएफ किती? हा आकडा रूढ करण्याचं श्रेय ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्राइटर यांना दिलं जातं, १९६२ साली. तरुणपणी आल्प्समधलं पिझ बुइन शिखर चढताना ते उन्हानं भाजून निघाले आणि त्यातून या सगळ्याची सुरुवात झाली, असं सांगतात. डोंगर चढताना तोंड भाजलेला माणूस म्हणजे आपलाच माणूस!

तर फंडा असा : एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के यूव्हीबी किरण अडवतो, ३० म्हणजे ९७ टक्के आणि ५० म्हणजे ९८ टक्के. म्हणजे ३० वरून ५० वर गेलात तर फरक एका टक्क्याचा. पण हे आकडे प्रयोगशाळेतले. तिथे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. आपण लावतो त्याच्या निम्मं, कधी पाव. मग ५० काय आणि ७० काय! त्यापेक्षा तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. घाम, ऊन, प्रवास असेल तर दर दोन तासांनी पुन्हा.

दुसरा आकडा म्हणजे खरं तर आकडा नाहीच, अधिकची चिन्हं. 'पीए' लिहून पुढे एक ते चार अधिक असतात. ही पद्धत १९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झाली. चौथं अधिक २०१३ मध्ये वाढवलं. ती यूव्हीए किरणांसाठी. हे किरण खोलवर जातात आणि साध्या काचेतूनही आत येतात. हिंजवडीतल्या आमच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये खिडकीजवळची सीट मिळावी म्हणून लोक भांडतात. मी त्या सीटवर बसते, पण सनस्क्रीन लावून.

केमिस्टकाकांचा शॉर्टकट

या शोधात सगळ्यात धोक्याचा सल्ला अगदी आपुलकीनं मिळाला. एका केमिस्टकाकांनी माझा चेहरा बघून न मागताच एक मलम पुढे केलं. 'चार दिवस लावा, चेहरा एकदम क्लिअर.' त्यात स्टिरॉइड होतं. डॉक्टर मॅडमनी आधीच बजावून ठेवलं होतं, म्हणून मी हात जोडून निघाले. चेहऱ्यावर स्टिरॉइड लावलं की चार दिवस खरंच छान वाटतं. मग त्वचा पातळ होते, थांबवलं की दुप्पट लाल होते, आणि नसलेला रोझेशियाही उपटतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. पण काउंटरवरची आपुलकी चिठ्ठी मागत नाही. नाही म्हणायचं काम आपलंच.

स्कार्फ झिंदाबाद

आणि हो, पुण्याच्या मुलींचा तो जगप्रसिद्ध स्कार्फ! बाहेरगावचे लोक चेष्टा करतात ना, चंबळच्या डाकू म्हणून? करू देत. दाट विणीचं कापड ऊन छान अडवतं आणि त्याला दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. फक्त तो सुती हवा. सिंथेटिक स्कार्फखाली चेहरा वाफवला जातो आणि आमच्यासारख्यांना उष्णताही पुरते. शिवाय गाडीवरून उतरल्यावर बघा, निम्मं क्रीम स्कार्फला पुसलं गेलेलं असतं. म्हणून माझी एक छोटी ट्यूब कायम ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

सिंहगडाचंही जमलं. आता साडेपाचला चढायला सुरुवात करते, मोठ्या काठाची टोपी घालते, आठच्या आत खाली. वर दही खाते, पिठल्याबरोबरचा ठेचा शेजाऱ्याला देते. चेहरा तापतो अजूनही, पण पेटत नाही. आणि तापलाच तर ग्रुपमधल्या पाचही जणांना आता रोझेशिया हा शब्द पाठ आहे. त्यांना खरं कारण सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, 'मग माझं नाक असतं लाल, ते काय?' त्याला मॅडमचा नंबर दिलाय.

मैत्रिणी विचारतात, 'ट्यूबचं नाव सांग ना.' मी सांगत नाही. भाव खात नाहीये, पण माझी ट्यूब तुमच्या गालांना चालेलच असं नाही. त्यापेक्षा ट्यूब उलटी करा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला खरं काय ते असतं. अल्कोहोल आणि सुगंध नसलेली, झिंक असलेली, आपल्या रंगाच्या जवळची निवडा. तीन-चार रात्री कानाखाली जबड्याजवळ थोडी लावून बघा, मगच गालावर. पुळ्या-लाली जात नसेल तर त्वचातज्ज्ञ गाठा, पार्लर नव्हे.

आणि एक सोप्पा हिशेब. दोन बोटं म्हणजे साधारण १ ग्रॅम. दिवसातून एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब पन्नास दिवसांत संपायला हवी. तुमची गणपतीत आणलेली ट्यूब होळीपर्यंत पुरत असेल, तर ती चेहऱ्यावर कमी आणि कपाटात जास्त काम करतेय. महागडी ट्यूब जपून जपून वापरण्यापेक्षा खिशाला परवडणारी भरपूर लावा. संपली की दुसरी आणा!