सोफ्याआधीची बैठक

सोफ्याला पैसे नव्हते, म्हणून भारतीय बैठक आली. पण सत्तरच्या दशकात डोंबिवलीला, ठाण्याला नाहीतर पुण्यात कोथरूडकडे ज्यांनी पहिला ब्लॉक घेतला, त्यांच्यापैकी कुणालाही विचारा. ‘आम्हाला सोफा आवडतच नव्हता,’ असंच ऐकायला मिळेल. तेही खोटं नाही. आईवडिलांच्या घरातल्या त्या ताठ लाकडी खुर्च्या आणि भिंतीवर ओळीनं लावलेल्या तसबिरी यांचा आम्हाला खरोखरच कंटाळा आला होता.

बैठक म्हणजे पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेल्या दोन गाद्या, भिंतीशी लोड आणि चार तक्के. सगळी हौस अभ्र्यांत. खादी भांडारात गांधी जयंतीचं रिबेट सुरू झालं की तिथून गादीसाठी जाडीभरडी चादर आणायची. एका तक्क्याला खणाचा अभ्रा, दुसऱ्याला आईच्या विरलेल्या इरकलीचा, तिसऱ्याला जयपूरच्या सहलीत घेतलेलं ठशांच्या छपाईचं कापड, आणि चौथा बरेच दिवस उघडाच. कशाचा कशाशी मेळ नसायचा, कारण चारही अभ्र्यांचं कापड एका महिन्यात घेणं परवडत नसे. हल्ली ‘बोहो’ म्हणून एकमेकांशी न जुळणाऱ्या अभ्र्यांचा तयार संच मिळतो. न जुळणाऱ्यांचा संच!

पुस्तकं विटांवर टेकवलेल्या फळ्यांवर. वीट गेरूनं रंगवली की झालं. चहाच्या मोठ्या प्लायवूडच्या खोक्यावर कच्छी भरतकामाचा तुकडा टाकला की टीपॉय. पाहुण्यानं कप जरा जोरात ठेवला की आत ढम्म असा आवाज व्हायचा आणि खोक्याचं बिंग फुटायचं.

सगळ्यात लाडका होता दिवा. तांदूळ धुवायची बांबूची रोवळी उलटी टांगायची आणि आत चाळीसचा बल्ब सोडायचा. विणीतून भिंतभर, छतभर जाळी पसरे आणि भाड्याच्या खोलीलासुद्धा काहीतरी रुबाब येई. त्या उजेडात वाचता मात्र काहीच येत नसे. बुरूड आळीत रोवळी घेताना ती दिव्यासाठी हवीय म्हटलं, की बुरडीण आधी आपल्याकडे आणि मग रोवळीकडे बघायची. शेवटी एखादी म्हणायची, “मग तांदूळ कशात धुणार, बाई?”

सासूबाईंचा प्रश्न याहून कठीण असे. त्याच काळात घरोघरची तांब्यापितळेची भांडी मोडीत देऊन स्टील आणायची लाट होती. कल्हई नको, चिंचेनं घासणं नको, हे त्यांच्या पिढीला मिळालेलं मोठंच सुख. आणि नेमकं तेव्हाच सून मोडीच्या ढिगातून घंगाळ उचलायची, घासूनपुसून चकचकीत करायची आणि त्यात बाजरीची वाळलेली कणसं उभी करून ते बैठकीच्या कोपऱ्यात ठेवायची. “अगं, आंघोळीचं घंगाळ बाहेरच्या खोलीत?” ज्या माणसानं वर्षानुवर्षं त्यात पाणी विसणलं, त्याला ती शोभा कशी दिसावी? आम्हाला तेव्हा त्या जुनाट वाटल्या. आता वाटतं, भांडं त्यांनी घासलेलं होतं, आम्ही फक्त बघत होतो.

मग मॅक्रमची साथ आली. दुपारच्या वेळी शेजारणीकडे क्लास, खिडकीच्या गजाला बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्या आणि गाठींवर गाठी. अर्धी गाठ एकाच बाजूनं मारत गेलं की दोर आपोआप पिळदार होत जातो, हे पहिल्यांदा हातात घडलेलं पाहताना लहान मुलासारखा आनंद व्हायचा. दोरा तयार लांबीच्या चौपट लागतो, आणि मध्ये दुमडून घ्यायचा तर आठपट. एवढा दोरा कापायचा धीर कुणाला होत नसे, त्यामुळे आमच्या पिढीतली बरीच शिंकाळी जरा तोकडीच आहेत. त्यात मनीप्लांटची कुंडी. तिला घातलेलं पाणी थेट खालच्या गादीवर.

भिंतीवर वारली. जिव्या सोमा मशे यांचं नाव तोवर शहरात कानावर येऊ लागलं होतं. डहाणू तालुक्यातले मशे रोजच्या हौसेनं चित्रं काढू लागले आणि पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुळात ही चित्रं काढायचा मान लग्नघरातल्या सवाशिणींचा. त्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. आम्ही त्यातून तेवढा तारपा नाच उचलला. गेरूच्या पट्ट्यावर पांढऱ्या पोस्टर कलरनं गोल गोल माणसं काढली. देवी, लग्न, ते लिहिणाऱ्या बायका, सगळं डहाणूतच राहिलं. वारलीच्या बाबतीत आमची पिढी जरा उथळच होती, आणि पुढे तोच नाच कप, पिशव्या, कुर्ते यांवर येत राहिला त्याची सुरुवात आमच्याच भिंतींवर झाली.

हे सगळं किती टिकलं? 1982 मध्ये एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला. तो काही लगेच आमच्या घरात आला नाही, पण आला तेव्हा त्याला बसायला शोकेस लागली, शोकेसला सनमायका लागला, आणि समोर गादीवर बसून मान वर करून कोण बघणार, म्हणून सोफा लागला. फळ्या माळ्यावर गेल्या. विटा गच्चीवर तुळशीच्या कुंडीखाली. रोवळी परत स्वयंपाकघरात गेली असं सांगायला आवडलं असतं, पण तिला मधोमध बल्बचा डाग पडला होता.

आता मुलांच्या घरी जमिनीलगत गादी आहे, ताग, वेत, खोलीभर झाडं आहेत, आणि दोरांचं शिंकाळं ऑनलाइन मागवलेलं आहे. बरीक लांबीला अगदी पुरेसं. आम्ही गेलो की सून न विचारता आतून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवते, आणि त्या खोलीत कशाशीच जुळत नाहीत.