बाटलीतला साका

ऑक्टोबर नुकताच लागला होता. पाऊस सरलेला, समुद्र तळ्यासारखा निपचित. गोव्यात कांदोळीसमोर आमचं जहाज ६० मीटर पाण्यात नांगरलेलं. खलाशीकाकांच्या हिशेबात ३३ वाव. सलग २५ तास, दर तासाला सीटीडी, म्हणजे तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं यंत्र, खाली सोडून त्याला जोडलेल्या निस्किन बाटल्यांत हव्या त्या खोलीवरचं पाणी घ्यायचं होतं. त्यातला प्राणवायू मोजणं माझ्याकडे.

विंकलरची पद्धत १८८८ पासूनची. पाण्यात मँगनीज क्लोराइड आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं, हवा न राहू देता बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा.

सकाळी ६ वाजता ३० मीटरवरच्या पाण्याचा साका पांढराफेक आला. यात नवल नव्हतं. पावसाळ्यात खोलातलं थंड, प्राणवायू संपत आलेलं पाणी किनाऱ्याकडच्या उथळ पट्टीवर चढतं आणि नद्यांचं हलकं, गोडं पाणी त्यावर झाकण घालतं. पण दुपारी १२ वाजता त्याच खोलीवरचा साका तपकिरी! माझ्या पोटात गोळा आला. रसायनं बदलली गेली असणार. गुपचूप दुसरी बाटली भरली. तीही तपकिरी. शेवटी सरांकडे गेले.

"तापमान पाहिलंस?" त्यांनी विचारलं. सकाळी २३ अंश होतं, आता २७. "तू ३० मीटरवरच आहेस गं. पाणी तिथं राहिलेलं नाही."

ठेवून दिलेल्या ताकावर निवळ येते. भांडं जरा हललं की वरचा पृष्ठभाग फारसा हलत नाही, पण आतली घट्ट ताकाची सीमा संथ हेलकावत राहते. समुद्रातही तेच. भरती-ओहोटीचं पाणी खंडमंचाच्या कडेवरून, जिथं तळ एकदम खाली उतरतो तिथून, येता-जाता थरांना वर-खाली ढकलतं. दोन थरांच्या घनतेतला फरक हजारात दोन-चार भागांचा. म्हणून थोड्या रेट्यानंही आतली लाट कित्येक मीटर उठते. तिचं एक आवर्तन साधारण १२ तास २५ मिनिटांचं.

"ताई, थंय बघा, पाणी कसा तेलकट दिसता," खलाशीकाका म्हणाले. "आज उधाण आसा." किनाऱ्याला समांतर गुळगुळीत पट्टे दिसत होते, मधे बारीक खळबळ. एका पट्ट्यात फेस आणि सुकलेलं पान अडकलं होतं. आतल्या लाटांनी वरचं पाणी जिथं एकत्र लोटलं, तिथं हा कचरा जमला होता.

संध्याकाळी साडेसहाला दोन थरांमधली सीमा परत वर आली. साका पुन्हा पांढरा होणार, असं मी धरून चालले. नुसती लाट पाणी उचलते आणि जागेवर ठेवते. त्यानं प्राणवायू खाली जात नाही, खालची पोषकद्रव्यंही वर राहत नाहीत. त्यासाठी घुसळण लागते. सीमेच्या वर-खालचे प्रवाह एकमेकांविरुद्ध इतके जोरात सरकले पाहिजेत की थर गुंडाळले जाऊन फुटतील.

बूच लावलं, बाटली हलवली, दिव्यासमोर धरली. साका खाली बसला. पांढराच, पण अगदी सायीसारखी पिवळसर झाक होती.

"माझी चूक असेल," मी म्हणाले.

"असेलही," सर म्हणाले. "आणखी दोन बाटल्या भर. ही झाक खरी आहे का आणि किती आहे, एवढंच मोजायला आपण आलोय."

मी बाह्या सरसावल्या. अजून १२ फेऱ्या उरल्या होत्या.