एकट्याचा चषक

सांघिक खेळांत एकट्या खेळाडूला पारितोषिक देणें ही गोष्ट मुळांतच थोडी चमत्कारिक आहे. पांच जणांनीं ओढलेल्या गाड्याचें भाडें एकाच्याच पदरांत टाकावें, तसा हा प्रकार. तरी तो सर्वत्र चालतो. कारण अभिमान संघाचा वाटला, तरी लोभ जडतो तो माणसावर.

अमेरिकेंतील चाकांच्या हॉकीचेंच पाहा. एका रांगेंत चाकें बसविलेले बूट घालून हा खेळ खेळतात. बर्फावरील हॉकीची ही धाकटी बहीण. १९९३ सालीं 'रोलर हॉकी इंटरनॅशनल' ही तिची धंदेवाईक लीग निघाली, आणि १९९९ च्या हंगामानंतर ती बंद पडली. प्रत्येक संघाचे चार गडी व एक गोलरक्षक एवढेच एका वेळीं मैदानांत असत. विजेत्या संघास संस्थापकांपैकीं डेनिस मर्फी यांच्या नांवाचा चषक मिळे. पहिल्या वर्षीं तो कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइमच्या संघानें पटकावला. त्याखेरीज वैयक्तिक पारितोषिकेंही असत. आतां पांचांच्या घामांतून एकाचा घाम निराळा कसा काढावयाचा?

बर्फावरील हॉकीनें या प्रश्नाचें एक सुंदर उत्तर शोधलें आहे व तेंच धाकट्या बहिणीस वारशानें मिळालें. या खेळांत चेंडूऐवजीं चकती असते. गोल करणाराला जसा एक गुण, तसाच त्याला चकती पोंचविणारालाही एक. इतकेंच नव्हे, तर त्याच्याही अगोदर ज्यानें ती पुढें धाडली, त्यालाही एक. वेन ग्रेट्स्की यांनीं नॅशनल हॉकी लीगच्या नियमित सामन्यांत ८९४ गोल केले, आणि १९६३ वेळां दुसऱ्याच्या गोलास साहाय्य केलें. त्यांचा गोलांचा विक्रम २०२५ सालीं अलेक्झांडर ओवेच्किन यांनीं मोडला. साहाय्याच्या विक्रमाजवळ मात्र कोणी फिरकलेलें नाहीं. दुसऱ्या क्रमांकाचा आंकडा १२४९ आहे. क्रिकेटच्या धांवफलकावर शतकवीराचें नांव झळकतें. पण वीस धांवांवर दोन तास दुसरें टोक सांभाळणाऱ्याच्या सोबतीसाठीं तेथें रकाना नाहीं.

अर्थात् रकान्यानें सगळेंच मोजतां येतें असें नाहीं. गोलरक्षक जॉर्जेस वेझिना १९२६ सालीं क्षयानें वारले. त्यांच्या नांवाचें पारितोषिक प्रथम निव्वळ गणितानें, सर्वांत कमी गोल होऊं देणाऱ्या संघाच्या गोलरक्षकास मिळे. १९८२ पासून तें संघांच्या व्यवस्थापकांच्या मतांनीं देतात. कमी गोल होण्याचें श्रेय गोलरक्षकाचें किती आणि त्याच्या पुढें उभ्या असलेल्यांचें किती, हें आंकडा सांगूं शकत नाहीं.

हा विचार आम्हांस सुचण्यास कारण घरचेंच आहे. आमच्या महाविद्यालयांत दरवर्षीं 'उत्कृष्ट विद्यार्थी' निवडतात, आणि त्या समितीवर आम्ही बरींच वर्षें आहों. अर्जांत गुण, पदकें, वक्तृत्वाच्या ढाली सर्व कांहीं असतें. यंदा आम्ही अर्जाच्या शेवटीं एक प्रश्न जोडावयास लावला: 'आपल्या अभ्यासास कोणाचें साहाय्य झालें?' चौदा अर्ज आले. त्यांपैकीं नऊ अर्जांत एकाच मुलीचें नांव होतें. कोणी तिच्या वह्या उतरून घेतल्या होत्या, तर कोणास तिनें पहाटे उठून गणित शिकविलें होतें. तिचे स्वतःचे गुण बेताचेच, आणि अर्ज तर तिनें केलेलाच नव्हता.

अर्ज नाहीं, तेव्हां नियमानें पारितोषिकही नाहीं, असें एका सभासदांचें म्हणणें पडलें. नियम त्यांच्याच बाजूचा आहे. बैठक पुढील आठवड्यावर गेली आहे. आम्ही त्या बैठकींत एवढेंच विचारणार आहों, कीं तिनें अर्ज केला नसला, तरी तिच्यावतीनें नऊ अर्ज आले आहेत, ते कोठें मोजावयाचे?