सारख्या चेहऱ्याचे शब्द

‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण मीं वर्गांत कितीदां तरी समजावून सांगितली असेल. परंतु तिचा खरा अर्थ मला एका विद्यार्थ्यानें शिकविला.

वडिलांची रेल्वेंत बदली झाल्यामुळें तो उत्तरेकडून नुकताच नाशिकरोडला आला होता. एके दिवशीं मीं त्याला म्हटलें, ‘ती खडूंची पेटी खालीं ठेव.’ त्यानें पेटी उचलली आणि सारे खडू टेबलावर ओतले! वर्ग खो खो हंसला. मला तो उद्धटपणा वाटला, आणि कांहीं न विचारतांच मीं त्याला तासभर बाहेर उभें केलें. मधल्या सुटींत त्याचा सोबती भीत भीत म्हणाला, ‘सर, त्यांच्या भाषेंत खाली म्हणजे रिकामें.’ मी ओशाळलों. मुलानें आज्ञा मोडली नव्हती. त्याला समजली तशी ती तंतोतंत पाळली होती.

हिंदींतील ‘खाली’ अरबींतून फारसीच्या वाटेनें आलेला. आपला ‘खालीं’ हा ‘खालचा’, ‘खालावणें’ यांच्या कुळांतला. जुन्या लेखनांतील अनुस्वाराचा टिंब तेवढा दोहोंत भेद दाखवितो. पण टिंब कानांस ऐकूं येत नाहीं. ‘मत’ या शब्दांत तर टिंबाचाहि फरक नाहीं. मराठींत तो अभिप्राय, हिंदींत ‘नको’ असा नकार! लिपि निराळी असती तर आपण सावध राहिलों असतों. देवनागरी एकच, म्हणून फसगत अधिक.

युरोपांतहि हेंच घडतें. पी, ए, आय, एन या चार रोमन अक्षरांचा शब्द इंग्रजींत ‘वेदना’, तर फ्रेंचमध्यें ‘पाव’! पहिल्याचें मूळ लॅटिन ‘पोएना’ म्हणजे दंड. दुसऱ्याचें ‘पानिस’ म्हणजे भाकर. याच पानिसापासून झालेला पोर्तुगीज शब्द त्या लोकांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला, आणि त्याचा ‘पाव’ झाला. पण आपल्या घरीं एक ‘पाव’ आधींच होता: संस्कृत ‘पादा’पासून आलेला, चौथा हिस्सा दाखविणारा. म्हणून ‘पाव किलो पाव’ म्हणतांना शेजारी बसलेले ते दोन शब्द एकमेकांचे कोणीहि लागत नाहींत. आणि ‘देवा, मला पाव’ यांतील पाव तिसऱ्याच कुळांतला. तो ‘प्राप्’ या धातूपासून आलेला.

दुसऱ्या दिवशीं भर वर्गांत मीं त्या मुलाची क्षमा मागितली. तो लाजून हंसला, आणि आपण होऊन पेटी उचलून खालीं ठेवली.

विद्यार्थिमित्रहो, आपलें नाशिक हें यात्रेचें गांव. २०१५ च्या सिंहस्थांत रामकुंडावर प्रांतोप्रांतींच्या भाषा ऐकूं आल्या. आपल्या वर्गांतहि त्या येतच राहणार. परक्या मुखांतून ओळखीचा शब्द आला तर हंसण्यापूर्वीं, आणि रागावण्यापूर्वीं तर खासच, एवढें विचारा: ‘बाबा, तुमच्याकडे याचा अर्थ काय?’ मीं तें त्या दिवशीं विचारलें असतें, तर एका निरपराध मुलाचा एक तास वाया गेला नसता.