अंडे चोराला दिले तर किती गुण?

संगणकावरच्या शब्दखेळांचा नाद आमच्या घरात आता दुसऱ्या पिढीत उतरला आहे. चित्र नाही, आवाज नाही. ‘उत्तरेला जा’, ‘कंदील लाव’ असे इंग्रजीत टाइप करायचे आणि पुढे काय घडले ते वाचायचे! त्यातला ‘झॉर्क’ एमआयटीतल्या चौघांनी १९७७ मध्ये लिहायला घेतला. पुढे घरगुती संगणकांसाठी त्याचे तीन भाग झाले. पहिल्या भागाला एकूण ३५० गुण. घरात शिरलात की १०, तळघरात उतरलात की २५.

आमच्या लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी या खेळावर एक बॉट बसवला. प्रत्येक हुकमाआधीचे व नंतरचे गुण पाहून तो चालीवर शेरा मारतो. गुण वाढले तर ‘उत्तम’, नाही वाढले तर ‘वाया’. आम्हां उभयतांना ही पद्धत ओळखीची वाटली. आमचे प्रगतिपुस्तक घरी असेच तपासले जाई.

पण या खेळात झाडावरच्या घरट्यात एक रत्नजडित अंडे सापडते. उचलले की ५ गुण. आपण ते उघडायला गेलो तर आतला नाजूक सोन्याचा पक्षी मोडतो. शाबूत उघडता येते ते फक्त चोराला. म्हणून अंडे त्याच्या हाती द्यायचे आणि मागाहून त्याच्याशी लढून परत मिळवायचे. बॉटचा शेरा? ‘वाया’!

यावर उपाय आहे. पुढे मिळालेल्या गुणांतला थोडा थोडा वाटा मागच्या चालींना द्यायचा. संगणक असेच शिकतात. तरी २०१९ साली संशोधकांनी ‘जेरिको’ या साधनावर चाचण्या घेतल्या, तेव्हा शिकाऊ प्रोग्रामना ‘झॉर्क’मध्ये ५० गुणही गाठता आले नव्हते.

हे सारे सांगायचे कारण असे, की यंदा लेकीने गणिताचा वरचा वर्ग सोडून नाटकाचा घेतला. ‘वाया’ हा शब्द आमच्या अगदी ओठांवर येतो. चोराला दिलेले प्रत्येक अंडे परत मिळतेच असेही नाही. घाईने लढायला गेले तर तोच आपल्याला मारतो. तेव्हा आम्ही ठरवले आहे, की वर्ष संपेपर्यंत शेरा मारायचा नाही. तिच्या नाटकाला मात्र पहिल्या रांगेत बसायचे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असाच प्रश्न उभा असेल तर संक्रांतीच्या कार्यक्रमात जरूर भेटावे. तिळगूळ घेता घेता बोलू.