एकाच तिथीला गाय आणि वाघ

आश्विन वद्य द्वादशी. पंचांगात वसुबारस. बोईसरच्या पूर्वेला बेटेगावात आता मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. तिथे त्या संध्याकाळी खिडक्याखिडक्यांत आकाशकंदील लागतात, अंगणात रांगोळी पडते, कुणी हौसेने गाय-वासरू शोधायला निघतं. त्याच दिवशी चिल्हारच्या अंगाने पूर्वेला सरकत गेलं, की डोंगराच्या कुशीतल्या वारली पाड्यांवर दिवाळी सुरू होते ती वाघाच्या पूजेने. तिथे या तिथीचं नाव वाघबारस.

एकाच दिवशी गायीची पूजा आणि तिला खाणाऱ्याचीही! मला या गोष्टीचं अप्रूप वाटत आलं आहे. आपण निसर्गावर प्रेम करतो म्हणतो तेव्हा मनात बहुधा गाय असते. दूध देणारी, सावली देणारी, डोळ्यांना निववणारी सृष्टी. पाड्यावरचा माणूस मात्र जंगलातलं भयही देव्हाऱ्यात धरतो. देव्हारा म्हणायचा एवढंच; या देवाला ना भिंत, ना दार, ना कळस.

वाघोबाचं ठाणं पाहिलं आहे का? झाडाखाली रोवलेला एखादा दगड नाहीतर उभी लाकडी फळी. तिच्यावर कोरलेला वाघ, डोक्यावर चंद्र आणि सूर्य. शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत गेलेले, त्यामुळे वाघाचे पट्टे बोटाने चाचपूनच लागतात. पायाशी फुटलेल्या नारळाची करवंटी, पावसात धुऊन गेलेली राख. एरवी वर्षभर कुणी फिरकत नाही. झाडाची पानं पडतात, वाळतात, देव त्यांच्यातच बसलेला.

वाघबारशीला मात्र गाव तिथे जमतं. भगत पुढे बसतो. तांदळाच्या दाण्यांच्या छोट्या छोट्या राशी मांडतो, एकेका देवाचं नाव घेतो. वाघदेव, हिरवा, हिमाय, पावसाचा नारनदेव, धान्याची कणसरी. कोंबडा, नारळ, ताडी, ज्याला जे जमेल ते. गुराखी पोरं सगळ्यांत पुढे, कारण वर्षभर रानात गुरं घेऊन तीच जातात आणि भीतीचा वाटाही त्यांचाच मोठा. मागणं साधं असतं. आमच्या गुरांच्या वाटेला जाऊ नकोस, पोराबाळांना सांभाळ. आम्ही तुझा मान ठेवतो. ध्यान नाही, डोळे मिटणं नाही. सगळे उघड्या डोळ्यांनी रानाकडे बघत बसलेले असतात.

यामागची एक कथा वारली माणसं सांगतात. एका कुमारिकेला मूल झालं, आणि ते मूल वाघाचं रूप घेऊ लागलं. ते गावाच्या गुरांवर जाऊ लागलं तेव्हा लोक त्याच्या जिवावर उठले. आई मधे पडली. त्याने रानात राहावं आणि गावाने वर्षातून एकदा त्याला त्याचा वाटा द्यावा, असं ठरलं. म्हणजे वाघ परका नाहीच. तो आपल्याच एका लेकीचा मुलगा. नातं असलं की भांडण मिटवावं लागतं, आणि मिटवलेलं भांडण दरवर्षी पुन्हा आठवावं लागतं. वाघबारस ही ती आठवण आहे.

हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटेल. पण मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी सापडली; तो अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. पट्ट्यांचा वाघ इथून कधीच गेला. उरला तो बिबट्या, आणि बोलीत वाघ म्हटलं की त्यात तोही आला. त्याच्या शेजारी राहणारी ही माणसं त्याला मारून टाका म्हणत नाहीत. त्याला नमस्कार करायला वर्षातला एक दिवस राखून ठेवतात. वनखात्याच्या पिंजऱ्यांनी जे होत नाही ते काही अंशी या एका दिवसाने होत आलं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पूजा झाली की तारपा वाजतो. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचं पोट, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. भात पिकायला लागलं की हे वाद्य खाली काढतात. वाजवणारा मधे, आणि त्याच्याभोवती बायापुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून फेर धरतात. त्या फेरात तारप्याकडे पाठ करायची नसते. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी शेणामातीच्या रंगावर पांढऱ्या रेघांनी हाच फेर जगाला दाखवला. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज तो फेर उशांच्या अभ्र्यांवर, कपांवर, विमानतळाच्या भिंतींवर दिसतो. ज्या अंगणांत तो नाचला जातो ती अंगणं मात्र आक्रसत चालली आहेत.

या भागाच्या अंगावर एकामागून एक किती गोष्टी आल्या! तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969 पासून चालू आहे. मग औद्योगिक वसाहत आली, तिच्या धुराचा उग्र वास वारा फिरला की लांबवर येतो. आता द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, आणि किनाऱ्याला वाढवण बंदर. रोजगार हवा, रस्ते हवेत, यात वाद नाही. पण ज्या देवाला भिंत नाही तो मोजणीच्या वेळी कुणाच्या नजरेत भरत नाही. देऊळ असतं तर ते हलवायला सभा झाल्या असत्या. शेंदूर लावलेला दगड आणि त्यावरचं झाड एका दुपारीत जातं, आणि त्याबरोबर गावाचं एकत्र जमण्याचं ठिकाणही जातं.

अलीकडे नव्या वसाहतींतली मंडळीही पौर्णिमेला गच्चीवर किंवा एखाद्या फार्महाऊसवर गोल करून बसतात, झाडाला मिठी मारतात, मातीवर अनवाणी चालतात. त्यांची ओढ खरी आहे. दिवसभर बंद खोल्यांत राहणाऱ्या माणसाला आभाळ हवंच. माझं त्यांना इतकंच सांगणं आहे, की निसर्गाशी नातं जोडण्याची ही गोष्ट नव्याने शोधायची गरज नाही. ती तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी दरवर्षी होते. आणि तिथे मन शांत करण्यापेक्षा काही जास्त घडतं. पहिल्या पावसानंतर उगवलेली कोवळी कोलीभाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. नवं भातही आधी कणसरीचं, मग आपलं. थांबायचं कुठे, हे तिथे पूजेतच सांगितलेलं असतं. भूक असताना हात आवरणं ही मला कुठल्याही ध्यानापेक्षा मोठी साधना वाटते.

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा आणि सामूहिक साधनं जपण्याचा अधिकार 1996 च्या पेसा कायद्याने दिला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनावरचा हक्कही मान्य केला. तो अधिकार वापरून प्रत्येक ग्रामसभेने आपल्या हद्दीतलं वाघोबाचं ठाणं, गावदेव, त्यावरचं झाड आणि भोवतालची जमायची जागा ठरावात लिहून घ्यावी. नव्या इमारतींत राहायला आलेल्यांनीही या मागणीत शेजाऱ्यांच्या बाजूने उभं राहावं. पुढची वाघबारस यायच्या आत हे काम व्हायला हवं.