कंप्रेसरचा आवाज आणि शागिर्दाची तालीम

गाडीच्या एसीमधून आवाज यायला लागला की बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर गाण्याचा आवाज वाढवतात, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून गॅस भरून घेतात. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही घाई समजू शकते. पण नुसता आवाज ऐकून बिघाड कळत नाही. तो आवाज कधी येतो आणि कधी थांबतो, हे आधी बघावं लागतं.

यंदा आमच्या तेरा वर्षांच्या गाडीतून घरघर ऐकू येऊ लागली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. पाच मिनिटांत निकाल लागला: कंप्रेसर बदला, बावीस हजार रुपये. त्यांचीही बाजू आहे. पूर्ण पार्ट बसवला की त्याची वॉरंटी देता येते, जुन्या कंप्रेसरमध्ये हात घातला तर जबाबदारी कोण घेणार? पण शिक्षकाच्या घरातून बावीस हजार असे सहज निघत नाहीत. म्हणून मी गाडी घेऊन रोशन गेटकडच्या एका जुन्या गॅरेजवर गेलो.

तिथले उस्ताद साठीच्या पुढचे आहेत. गाडीच्या एसीचं काम ते चाळीस वर्षांपासून करतात. त्यांच्याकडे तीन शागिर्द आहेत आणि त्यातला एक माझ्याच वर्गात होता. दहावीला मराठी आणि गणित राहिलं, पुन्हा परीक्षेला बसला नाही. मला बघून त्याने हात पुसत सलाम केला. उस्तादांनी गाडीला हातही लावला नाही. त्यालाच म्हणाले, "पैले एसी बंद कर, फिर सुन."

त्याने एसी बंद केला. घरघर चालूच होती. तो म्हणाला, "सर, अंदर का मामला नई है."

हे त्याने कसं ओळखलं, ते सांगण्यासारखं आहे. आमच्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांमध्ये इंजिनचा पट्टा कंप्रेसरची पुली फिरवतो. एसी बंद असला तरी पुली एका बेअरिंगवर नुसती फिरत राहते, आतला कंप्रेसर उभा असतो. एसीचं बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, तिचं चुंबक होतं, समोरची क्लच प्लेट पुलीला येऊन चिकटते आणि मग कंप्रेसर फिरतो. तेव्हा जो 'टक्' असा आवाज येतो, तो या प्लेटचा. म्हणजे एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर संशय पुलीच्या बेअरिंगवर किंवा पट्ट्याच्या इतर पुलींवर. एसी चालू केल्यावरच आवाज येत असेल तर गोष्ट वेगळी. क्लच घसरत असेल, गॅस जास्त भरला असेल, पंखा बंद पडून दाब वाढला असेल किंवा कंप्रेसर आतून झिजला असेल.

मग त्याने लांब पेचकसाचं टोक कंप्रेसरच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरचा स्टेथोस्कोपच म्हणा. आमच्या गाडीत एसीचा पट्टा वेगळा आहे. तो उतरवून इंजिन सुरू केलं, तर घरघर गायब. इंजिन बंद करून त्याने दोन्ही पुल्या हाताने फिरवल्या. मधली पुली लोण्यासारखी फिरली. कंप्रेसरची पुली फिरवायला त्याने मला सांगितलं. बोटांना आत वाळू असल्यासारखं जाणवलं.

बेअरिंग गेलं होतं, एवढंच. गॅसची लाइन उघडायचीही गरज पडली नाही. क्लच प्लेट काढली, सर्क्लिप काढली, पुलरने पुली ओढून घेतली, जुनं बेअरिंग ठोकून काढून नवं दाबून बसवलं. शेवटी प्लेट आणि पुली यांच्यातली फट फिलर गेजने मोजली. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागते. कमी असेल तर प्लेट घासत राहते, जास्त असेल तर चुंबकाला प्लेट नीट ओढता येत नाही. त्याने एक पातळ शिम काढून दुसरी घातली आणि पुन्हा मोजलं. दोन तास लागले, अठराशे रुपये झाले.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते बघायचं. आम्ही शाळेत यालाच वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतो आणि फळ्यावर त्याची व्याख्या लिहून देतो. या मुलाला व्याख्या आली नाही म्हणून मार्क गेले. कृती त्याला येते.

हे लिहून इथे थांबता आलं असतं. "आमच्या मुलांच्या हातात हुनर आहे" असं म्हणून आपण बरेचदा थांबतोच. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात जास्त असल्याची नोंद आहे. गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर, एसी-फ्रिज ही कामं आपल्या गल्लीगल्लीत दिसतात. पण त्या दिवशी चहा पिताना उस्तादांनी जे सांगितलं, त्यानंतर मला नुसत्या कौतुकावर थांबता येत नाही.

त्यांनी काम सुरू केलं तेव्हा गाड्यांमध्ये आर-१२ गॅस असायचा. त्याने ओझोनचा थर विरतो म्हणून १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, आणि पुढे गाड्यांमध्ये आर-१३४ए आला. गॅस बदलला तसं तेलही बदललं. कंप्रेसरला वंगण देणारं तेल गॅसबरोबरच सगळ्या नळ्यांतून फिरतं. जुनं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. ते वाटेतच साचून राहतं आणि कंप्रेसर कोरडा पडतो. नव्या गॅसला पीएजी नावाचं तेल लागतं. हे डब्यावर लिहिलेलं होतं, इंग्रजीत. उस्ताद म्हणाले, "हम को डब्बे ने नई सिखाया मास्टरसाब, जाम हुए कंप्रेसरों ने सिखाया."

आज पुन्हा तसाच बदल येतो आहे. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, पट्टा नाही, पुली नाही. कंप्रेसरच्या पोटातच मोटार असते आणि ती काही शे व्होल्टवर चालते. तिथे बहुतेक ठिकाणी पीओई तेल लागतं, कारण ते वीज वाहू देत नाही. त्यात पीएजी तेल गेलं तर इन्सुलेशन बिघडतं. नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्यायचा, आधी गाडीचा हाय व्होल्टेज पुरवठा शिकलेल्या माणसाने तोडायचा, असा नियम आहे. गेल्या वेळी चुकून शिकताना कंप्रेसर जाम झाले. या वेळी तसंच शिकायचं म्हटलं तर पोराचा जीव जाऊ शकतो. तिथे कान आणि पेचकस पुरणार नाहीत. डब्यावरचं वाचता आलं पाहिजे.

कारण माहीत असणं जुन्या गाड्यांमध्येही महत्त्वाचं आहे. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप अर्धा तास का चालवायचा? हवा काढायला, असं शागिर्द सांगतात. ते बरोबर आहे, पण अर्धं. दाब पुरेसा कमी झाला की पाणी साध्या तापमानालाही उकळतं आणि नळ्यांतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. तो राहिला तर एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी बर्फ होतो, तेलात आम्ल तयार होतं. कंप्रेसर आतून फुटला असेल तर धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत गेलेला असतो. तो साफ न करता आणि ड्रायर न बदलता नवा कंप्रेसर बसवला तर तोही लवकरच जातो. आणि गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरत राहिलं तर गॅसबरोबर तेलही जातं. शिवाय आर-१३४ए हवेत सोडणं म्हणजे तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरणारा वायू सोडणं. तो कमी करण्यासाठी २०१६ चा किगाली करार आहे आणि भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. म्हणजे हा गॅसही कायमचा नाही.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे, त्याला दहावी पास लागते. आधीपासून काम येत असलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत केलेली आहे. पण आयटीआय आणि या मुलाच्या मध्ये दोन पेपर उभे आहेत, आणि त्यातला एक माझ्या विषयाचा आहे.

जुम्याला गॅरेज दुपारनंतर उघडतं. नमाजनंतरचा एक तास आम्ही ठरवून घेतला आहे. उस्ताद सांगतात, मुलगा उर्दूत लिहितो, मग त्याचं मराठी आम्ही दोघं मिळून करतो. वहीत त्याने तीन रकाने आखले आहेत: आवाज कसा, कधी येतो, कशामुळे. उस्ताद आधी म्हणाले की आवाज लिहिता येत नाही. आता तेच शब्द सुचवतात. घरघर, किर्रकिर्र, खडखड, शिट्टी. आवाजांसाठी मराठीत एवढे शब्द आहेत याचं त्यांना नवल वाटतं. बाकीचे दोन शागिर्दही हातातलं काम ठेवून येऊन बसू लागले आहेत. तेलाचे रिकामे डबे आमची पाठ्यपुस्तकं आहेत.

पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आहे. गणितासाठी शाळेतल्या एका सहकाऱ्याने हो म्हटलं आहे. मराठीचं माझ्याकडे आहे.